जुन्या अल्बमची चांगली कॉपी कशी शोधायची (रीमास्टर्ड लेबलला न भुलता)

राम राम मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. बऱ्याच जणांना वाटतं की गाणं एकदा रेकॉर्ड झालं की झालं, मग सीडी घ्या, ॲपवर ऐका नाहीतर पेनड्राईव्हमध्ये भरून घ्या, आवाज तोच येणार. तसं नसतंय. एकच अल्बम १९८५ ला सीडीवर येतो, ९७ ला परत येतो, २००५ ला रीमास्टर्ड म्हणून येतो, मग पंचवीस वर्षं झाली म्हणून डिलक्स येतो, मग हाय-रेझ (सीडीपेक्षा जास्त बारकाव्याची फाईल) येतो, आणि दरवेळी कोणीतरी इंजिनिअर मूळ टेप किंवा टेपची कॉपी किंवा कॉपीची कॉपी लावून बसलेला असतो आणि किती बेस, किती ट्रेबल, किती जोरात हे ठरवत असतो. हे काम म्हंजे मास्टरिंग. म्हणून अल्बमचं नाव शोधून उपयोग नाही, त्याची नेमकी कोणती आवृत्ती हातात येतेय ते बघायचं, आणि ते ओळखायला फार पैसे लागत नाहीत, थोडी नजर लागते आणि चिकाटी लागते.

आधी घोळ काय झालाय ते समजून घ्या. सीडी १९८२ ला बाजारात आली, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, कागदावर ९६ डेसिबलची रेंज, म्हंजे अगदी बारीक आवाजापासून दणदणीत आवाजापर्यंत सगळं मावेल एवढी जागा. सुरवातीच्या वर्षांत इंजिनिअर लोकांनी ती जागा मोकळी सोडली होती. मग ९० नंतर चढाओढ लागली, आपलं गाणं रेडिओवर आणि सीडी चेंजरमध्ये शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाजलं पाहिजे, आणि १९९४ ला वेव्हज कंपनीचा एल१ नावाचा डिजिटल लिमिटर आला तेव्हापासून हे काम एकदम सोपं झालं. ढोलाची थाप, तबल्याचा ठोका, ड्रमचा फटका, ही जी टोकं वर येतात ती दाबायची आणि बाकी सगळं उचलून छतापर्यंत न्यायचं. गाणं मोठं वाजतं पण ठोक्यात दम राहत नाही. आपल्याकडं भरताचं वांगं बडगीत (लाकडी उखळीत) ठेचतात आणि घाई असेल तर कोणी मिक्सरमधून काढतं, वस्तू तीच असते पण एकात दाताखाली काहीतरी येतं आणि दुसऱ्याची पेस्ट झालेली असते, तेवढाच फरक समजा.

या प्रकाराला लाऊडनेस वॉर म्हणतात. सगळ्यात बदनाम उदाहरण मेटालिकाचा २००८ चा डेथ मॅग्नेटिक, तो इतका दाबलेला होता की गिटार हिरो नावाच्या व्हिडिओ गेममध्ये आलेली तीच गाणी सीडीपेक्षा चांगली वाजतात हे ऐकणाऱ्यांनी पकडलं, कारण गेमवाल्यांकडं शेवटचं दाबकाम होण्याआधीचे ट्रॅक गेले होते. रश या बँडचा २००२ चा व्हेपर ट्रेल्स तर बँडलाच पसंत नव्हता, २०१३ ला पूर्ण नव्यानं मिक्स करून काढला. म्हंजे ही काय फक्त आपल्यासारख्या कानात बोटं घालणाऱ्यांची कुरकुर नाही.

आता मोजायचं कसं. डीआर, म्हंजे डायनॅमिक रेंज, म्हणून एक आकडा असतो. गणित साधारण असं की गाण्याचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे पाडायचे, त्यातले सगळ्यात जोरात असलेले २० टक्के तुकडे घ्यायचे, त्यांची सरासरी पातळी काढायची आणि ती गाण्याच्या टोकापासून किती खाली आहे ते बघायचं. अंतर जास्त म्हंजे ठोक्याला उसळायला जागा आहे. १४ आणि पुढं असेल तर हिरवा, ८ ते १३ मधला, ७ आणि खाली लाल. डेथ मॅग्नेटिकचा आकडा ३ येतो. डायर स्ट्रेट्सच्या ब्रदर्स इन आर्म्सची १९८५ ची पहिली सीडी १६ च्या आसपास येते. आता या आकड्याची आणि वर सांगितलेल्या ९६ डेसिबलची गल्लत करू नका, ती सीडीची कुवत आहे आणि हा गाणं कसं भरलंय त्याचा हिशोब आहे.

लोकांनी आपापल्या सीड्या मोजून टाकलेला एक डायनॅमिक रेंज डेटाबेस नेटवर आहे, त्यात अल्बमचं नाव टाकलं की वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्या खाली-खाली येतात. तिथं बघताना नुसता आकडा वाचून पळू नका, एंट्री उघडा आणि लेबल, वर्ष, कॅटलॉग नंबर, सीडी आहे का एलपी ते वाचा, कारण ती माहिती नसेल तर आकडा कोणत्या कॉपीचा आहे तेच कळत नाही.

हिंदी-मराठी मात्र तिथं फारच कमी सापडतं, म्हणून स्वतः मोजायला शिकून घ्या. कॉम्प्युटरवर फूबार २००० टाका, फुकट आहे, त्याला डीआर मीटरचं कंपोनंट जोडा, अल्बम सिलेक्ट करून राइट क्लिक करा, दोन मिनिटांत रिपोर्ट येतो. तेवढंही नको असेल तर ऑडॅसिटी नावाच्या प्रोग्रॅममध्ये गाणं उघडा आणि लांबून बघा. चांगल्या कॉपीचं चित्र काटेरी दिसतं, मधूनमधून उंच टोकं, अंतऱ्याच्या आधी बारीक, ध्रुवपदाला जाड, टोकं वेगवेगळ्या उंचीची. दाबलेल्या कॉपीचं चित्र वरून-खालून कापलेल्या विटेसारखं. मग झूम करा, अगदी एक ठोका स्क्रीनभर येईल इतकं, आणि टोकाला सपाट झालेली रेघ दिसते का बघा, सलग पाच-दहा बिंदू एकाच उंचीवर असतील तर तिथं आवाज कापला गेलाय. व्ह्यू मेनूत क्लिपिंग दाखवायचा पर्याय आहे, तो चालू केला की अशा जागी लाल रेघा येतात, आणि काही रीमास्टर्ड गाण्यांत तर सगळं पानच लाल होऊन जातं.

आणि ज्याच्याकडं सीडी नाही, काहीच नाही, त्यानं यूट्यूबवर एक गंमत करायची. कॉम्प्युटरवर गाणं लावा, व्हिडिओवर राइट क्लिक, स्टॅट्स फॉर नर्ड्स. एक काळी पाटी येते, त्यात व्हॉल्यूमच्या ओळीत कंटेंट लाऊडनेस म्हणून डेसिबल लिहिलेले असतात. तिथं ५ किंवा ६ प्लस दिसलं तर समजा मास्टर चांगलाच ठोकलेला आहे आणि यूट्यूब तो खाली ओढून वाजवतंय. शून्याच्या आसपास किंवा मायनसमध्ये असेल तर मोकळी कॉपी असायची शक्यता चांगली. सेटिंगमध्ये स्टेबल व्हॉल्यूम नावाचं बटण दिसलं तर ते बंद करा, ते स्वतःच आवाज सपाट करतं. कोणीतरी जुन्या सीडीवरून चढवलेलं आणि कंपनीनं स्वतः चढवलेलं, दोन्ही लावून आकडे बघा, फरक दिसला की खरेदी कशाची करायची त्याचा अंदाज येतो.

पण आकड्याच्या नादी लागून फसायच्या जागा पण बऱ्याच आहेत, त्या सांगतो, कारण आमच्या जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपात यावरूनच जास्त भांडणं होतात.

एक म्हंजे एलपीचा आकडा. एलपीवरून रेकॉर्ड करून मोजलं की डीआर दोन-चारनं जास्त येतो, कधी आणखी जास्त, आणि लोक म्हणतात बघा एलपीसाठी वेगळं मास्टरिंग केलंय. असेलही, पण बऱ्याचदा दाबलेलाच डिजिटल मास्टर एलपीवर कापलेला असतो आणि कापताना-वाजवताना लहरीचा आकार बदलतो, टोकं थोडी सरकतात, त्यानं आकडा फुगतो. गाण्यात खरी जागा वाढलेली नसते. म्हणून एलपीचा आकडा एलपीशीच ताडून बघा आणि सीडीचा सीडीशी. तसंच ओरखड्याचं, एक कडकन आवाज आला की ते टोक धरलं जातं आणि आकडा वर जातो, म्हंजे जितकी खराब रेकॉर्ड तितका चांगला डीआर, असला उफराटा कारभार.

दुसरं, डीआर तुम्हाला टोनबद्दल काहीही सांगत नाही. जुन्या हिंदी गाण्यांच्या बऱ्याच नंतरच्या सीड्यांत खरखर काढायच्या नादात नॉइज रिडक्शन इतकं मारलंय की खरखरीबरोबर सारंगीची धार गेली, घुंगरू गेलं, बाईच्या आवाजातला श्वास गेला, सगळं ब्लँकेटखाली गेल्यासारखं. आकडा १२ येईल आणि ऐकवणार नाही. माझं मत विचाराल तर थोडी खरखर असलेली कॉपी मी डोळे झाकून घेतो, कारण पंधरा मिनिटांत कान खरखर विसरतो पण मेलेला आवाज काही जिवंत होत नाही. मी ओळखायला सोपं असं बघतो, दोन ओळींच्या मधल्या शांततेत कान द्यायचा, तिथं टेपची हिस्स बारीक का होईना सलग चालू असेल तर बरं, गाताना हिस्स आहे आणि थांबल्यावर एकदम विहिरीत पडल्यासारखी शांतता आली तर कोणीतरी गेट (बारीक आवाज बंद करणारी सोय) नाहीतर नॉइज रिडक्शन मारलंय.

तिसरं, सगळ्या संगीताला एकच फूटपट्टी नाही. ७८ आरपीएमच्या जुन्या तव्यावरच्या गाण्यात मुळातच रेंज कमी, त्यात १४ शोधत बसलात तर आयुष्य जाईल. उलट ख्याल-आलाप किंवा सतार, त्यात बारीक मींडपासून झाल्यापर्यंत एवढा प्रवास असतो की तिथं ८ आला तर नक्की कोणीतरी काशी केलेली आहे.

आता प्रत्यक्ष शोध. इंग्रजी अल्बमसाठी ढोबळ नियम असा की ८३ ते ९३-९४ पर्यंतची सीडी आधी बघायची, ९५ नंतर सावध व्हायचं, आणि २००० ते २०१२ मधला रीमास्टर्ड माल ऐकल्याशिवाय घ्यायचाच नाही. अपवाद भरपूर. बीटल्सच्या २००९ च्या सेटमध्ये स्टिरिओवर हलकं लिमिटिंग आहे पण मोनो सेटवर नाही, म्हंजे एकाच वर्षी, एकाच कंपनीचे दोन सेट आणि दोघांची वागणूक वेगळी. निर्वाणाच्या नेव्हरमाइंडची १९९१ ची साधी सीडी २०११ च्या वीस वर्षांवाल्या आवृत्तीपेक्षा कितीतरी मोकळी आहे, आणि सेकंडहँडमध्ये ती जुनी सीडी स्वस्त मिळते कारण लोकांना नवं पाहिजे असतं. आपला त्यातच फायदा. आणि उलट बाजूनं, जुनी सीडी म्हंजे चांगलीच असंही नाही, पहिल्या काही वर्षांत घाईघाईत एलपीसाठी बनवलेल्या टेपकॉपीवरूनच सीड्या काढल्या गेल्या, त्या मोकळ्या असतात पण धुरकट वाजतात.

डिस्कॉग्ज ही सीड्या-रेकॉर्डींची यादी आणि खरेदी-विक्रीची साइट, हे यातलं मुख्य हत्यार. अल्बमचं मास्टर पेज उघडा, खाली सगळ्या आवृत्त्यांची यादी येते, फॉरमॅट सीडी लावा, वर्षानं लावून घ्या, देश बघा. मग एकेक उघडून फोटो आणि खालचे मॅट्रिक्स नंबर (सीडीच्या आतल्या रिंगवर कोरलेले) वाचा. पण विक्रेत्यानं त्या पानावर लावली म्हणून तीच सीडी येईल असं नाही, बारकोड सारखा दिसला की लोक लावून मोकळे होतात. म्हणून पैसे भरायच्या आधी एकच मागायचं, भाऊ, सीडीच्या खालच्या बाजूच्या आतल्या रिंगचा फोटो पाठवा. पाठवला नाही तर सोडून द्या.

ही रिंग वाचायला शिकलात की अर्धी लढाई जिंकली. सीडी उलटी धरा, ट्यूबलाइट तिरपी पडेल अशी, मधल्या भोकाच्या बाहेर पारदर्शक प्लास्टिक, त्याच्या बाहेर आरशासारखी पट्टी, त्या पट्टीवर बारीक अक्षरं कोरलेली असतात. कॅटलॉग नंबर, मग एखादा आकडा, कधी कारखान्याचं नाव. मेड इन डब्ल्यू. जर्मनी असेल तर ती जुन्या साच्यातली, कारण दोन्ही जर्मनी ऑक्टोबर १९९० ला एक झाल्या आणि त्यानंतर नुसतं जर्मनी आलं. मग आयएफपीआय (रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचा कोड) शोधा. १९९४ पासून सीड्यांवर हे कोड यायला लागले, एक आरशाच्या पट्टीत, एलनं सुरू होणारा, तो ग्लास मास्टर (ज्या काचेवरून साचा बनतो ती) कुठं कापला त्याचा, आणि दुसरा आतल्या प्लास्टिकमध्ये साच्यातून उमटलेला. दोन्ही नसतील तर सीडी बहुतेक ९४ च्या आधीची. साच्यातला आहे पण पट्टीतला नाही, आणि मॅट्रिक्स जुन्या सीडीचाच आहे, तर मास्टर जुना आणि सीडी कारखान्यात काढलेली नंतर, म्हंजे तुम्हाला हवा तो आवाज कमी किमतीत. हे फार जणांना माहिती नसतं, म्हणून दुकानदार पण अशी सीडी नवी समजून स्वस्तात देतो.

मागच्या कव्हरवर एएडी, एडीडी, डीडीडी अशी तीन अक्षरं असतात, पहिलं रेकॉर्डिंग, दुसरं मिक्सिंग, तिसरं मास्टरिंग, ॲनालॉग का डिजिटल ते सांगणारं. त्यावरून चांगलं-वाईट ठरवू नका, काही लोक एएडी दिसलं की उडी मारतात, काही डीडीडीला, दोघंही अंधारात. आणि एसएचएम-सीडी असं लिहिलेलं असेल तर ते प्लास्टिकच्या जातीबद्दल आहे, मास्टरिंगबद्दल नाही. हाय-रेझचंही तेच, २४ बिट १९२ किलोहर्ट्झच्या फाईलमध्ये ७ डीआरचा मास्टर भरलेला असेल तर मोठ्या डब्यात तोच माल.

सीडी घरी आली की एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाच्या प्रोग्रॅमनं फ्लॅकमध्ये (आवाज जराही न गमावणारी फाईल) उतरवा. एक यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या, हजार-दोन हजारात येतो, जळगावच्या गोलाणी मार्केटला विचारलं की दुकानदार आधी तुमच्याकडं बघतो मग माळ्यावरून काढून देतो. उतरवल्यावर एक लॉग फाईल तयार होते, त्यात प्रत्येक गाण्याचा पीक लेव्हल (सगळ्यात उंच टोक) टक्क्यात असतो, ८७.३, ९४.१, ९९.८ असे. हे आकडे म्हंजे मास्टरिंगचा अंगठ्याचा ठसा. दोन वेगळ्या देशांच्या, वेगळ्या वर्षांच्या सीड्यांचे सगळे पीक जुळले तर मास्टर एकच, मग महागडी जपानी घ्यायची काही गरज नाही, साधी युरोपची घ्या. सगळीच्या सगळी गाणी १०० किंवा ९८.८ अशा एकाच आकड्यावर टेकलेली दिसली तर लिमिटर फिरलाय हे डीआर मोजायच्या आधीच कळतं. त्याच प्रोग्रॅममध्ये प्री-एम्फसिस यस असं दिसलं तर तेवढं लक्ष द्या, काही जुन्या सीड्या मुद्दाम ट्रेबल वाढवून भरलेल्या असतात आणि सीडी प्लेअर तो आपोआप उतरवतो, पण कॉम्प्युटरवर घेतलेल्या फाईलीत तो तसाच राहतो आणि कर्कश वाजतं. सॉक्स नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये डीएम्फ अशी सोय आहे, एका कमांडचं काम.

घेताना सीडीची तब्येत बघायची ती अशी की खालच्या बाजूच्या बारीक चरा फारशा घाबरायच्या नाहीत, वरच्या छापील बाजूचा खोल चरा वाईट, कारण चंदेरी थर त्याच बाजूला अगदी शाईखाली असतो. दिव्यासमोर धरा, टाचणीएवढी भोकं दिसली तर नको. आणि मेड इन यूके बाय पीडीओ असं लिहिलेली, ८८ ते ९३ मधली सीडी कडेनं तांबूस पडलेली दिसली तर हात लावू नका, त्या कारखान्याच्या सीड्यांना हा रोगच होता.

हिंदी आणि मराठीकडं येऊ. इथं पहिला शत्रू लिमिटर नाही, झंकार बीट्स आहे. जुन्या गाण्यावर वरून इलेक्ट्रॉनिक ढोलक-ड्रम चढवायचा धंदा कॅसेटच्या काळात जोरात होता, तेच नंतर सीडीवर आणि आता ॲपवर पण आलंय. रिव्हायव्हल नावाच्या सीरिजमध्ये तर मूळ गाण्याला नवा वाद्यवृंद लावलेला. आपल्याकडं टेम्पोत, लक्झरीत, रसवंतीवर इतकी वर्षं तेच वाजलं की कित्येकांना मूळ गाणं लावून दिलं तर म्हणतात यात काहीतरी कमी आहे. ॲपवर शोधताना झंकार, रिव्हायव्हल, रीक्रिएटेड, लोफाय, हे शब्द दिसले की पुढं चला.

सुरवातीच्या हिंदी सीड्या परदेशातल्या कारखान्यात तयार होऊन यायच्या, त्या काळातल्या एचएमव्ही आणि पॉलिडोरच्या सीड्या सापडल्या तर आधी उचला मग विचार करा. त्यावर नॉइज रिडक्शन हलकं असतं, आवाज हळू भरलेला असतो, व्हॉल्यूम दोन काटे जास्त फिरवावा लागतो आणि तेच चांगलं लक्षण. नंतरच्या दोन इन वन, बेस्ट ऑफ, सुपरहिट पन्नास असल्या कंपायलेशनमध्ये दहा ठिकाणची गाणी एका उंचीवर आणायला दाबलेली असतात, त्यापेक्षा मूळ सिनेमाची सीडी बरी. एचएमव्हीची एलपी घेताना नंबर बघा, ईसीएलपी असेल तर मोनो आणि ईसीएसडी असेल तर स्टिरिओ, आणि मोनो म्हणून तोंड वाकडं करू नका, गाणं मोनोतच रेकॉर्ड झालं असेल तर मोनोच खरी.

शास्त्रीय ऐकणाऱ्यांचं नशीब चांगलं. निम्बस, नवरस, छंदधारा, म्युझिक टुडे, यांच्या ९० च्या आसपासच्या सीड्या अजूनही फिरतात आणि त्यांत लाऊडनेसचा आजार जवळजवळ नाहीच. शिकायचं असेल तर सुरवात तिथूनच करा, मोकळं मास्टरिंग कसं वाजतं ते एकदा कानाला कळलं की बाकीच्यात फरक ऐकू यायला लागतो. आणि मराठीत म्हणाल तर १९७७ चं जैत रे जैत, आपल्या महानोरांचे शब्द, त्यातला ढोल कोणत्याही दोन कॉपी ताडून बघायला उत्तम, थाप अंगावर येते का नुसती ऐकू येते एवढंच बघायचं.

माल मिळतो कुठं? पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार सगळ्यांना माहिती आहे, तिकडं भाव पण तसेच चढलेत. मी म्हणतो आपलंच गाव आधी धुंडा. प्रत्येक तालुक्याच्या गावाला एक तरी कॅसेट भरून देणारा होता, तुम्ही वहीच्या पानावर यादी द्यायची आणि तो एलपीवरून साठच्या नाहीतर नव्वदच्या कॅसेटमध्ये भरून द्यायचा, त्या दुकानांचे आता मोबाईल रिचार्ज आणि झेरॉक्स झाले, पण रेकॉर्डी कुठंतरी माळ्यावर आहेत. तसेच लग्नाला भोंगे लावणारे साऊंड सर्व्हिसवाले, अमळनेर, चोपडा, शिरपूर, साक्रीकडं खेडोपाडी त्यांच्याकडं पत्र्याच्या पेट्या भरून रेकॉर्डी असायच्या. भंगारवाल्याला आणि रद्दीवाल्याला सांगून ठेवा, आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलत जा. अमळनेरला एका आबांकडं अशी पेटी निघाली, भाव विचारला तर भावाचं नावच काढेना, वर मलाच दम दिला, ली जा भो, पन उनमा ठेवजो नको, वाकड्या हुई जातीन.

मात्र साऊंड सर्व्हिसची रेकॉर्ड तपासूनच घ्या, त्यावर जड पिकअप आणि झिजलेली सुई फिरलेली असते. रेकॉर्ड हातात घेऊन फक्त कडेला आणि मधल्या लेबलला धरायची, दाराशी जाऊन सूर्याचा उजेड तिरपा पडेल अशी फिरवायची. चांगली रेकॉर्ड काळीभोर चमकते. खाचा करड्या, राखेसारख्या दिसल्या तर झिजलीय, धुऊन काही होत नाही, जोरात गाणं आलं की फाटल्यासारखं वाजणार, आणि सगळ्यात आधी आतल्या बाजूचं शेवटचं गाणं जातं. चरा नखाला लागतो का बघा, लागला तर सुई उडणार. मग डोळ्याच्या रेषेत आडवी धरून वाकलीय का बघा. भोकाभोवती लेबलवर कोळ्याच्या पायासारखे बारीक चकाकते ओरखडे जास्त असतील तर ती रेकॉर्ड खूप वेळा प्लेअरच्या ताटावर चढलेली आहे.

ऐकून ताडायची पण एक रीत आहे. दोन कॉपी ऐकताना आवाज सारखा करायचा, नाहीतर जी मोठी वाजते ती आपल्याला चांगली वाटते, आपला कानच तसा आहे, आणि सगळं लाऊडनेसचं दुकान त्यावरच चाललंय. फूबारमध्ये रीप्लेगेन (गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी सोय) स्कॅन करून चालू ठेवा. स्पॉटिफायवर ताडत असाल तर नॉर्मलायझेशन (तशीच सोय) चालू आणि नॉर्मलवर ठेवा, लाऊडवर नको, लाऊडला तो स्वतःचा लिमिटर लावतो. आवाज एका पातळीवर आला की गंमत बघा, दाबलेली कॉपी एकदम चपटी आणि मागं गेल्यासारखी वाटते आणि जुन्या कॉपीतला ठोका पुढं येतो. पूर्ण गाणं ऐकत बसू नका, एकच जागा पकडा, ध्रुवपद सुरू होतं तिथली वीस सेकंद, आलटून पालटून. हेडफोन साधा वायरवाला चालतो.

आणि हो, आपल्या भागात एक अडचण वेगळीच आहे. एप्रिल-मे मध्ये कूलर चालू असला की मोकळ्या मास्टरिंगमधली बारीक जागा कूलरच्या घरघरीत बुडून जाते आणि मग माणूस म्हणतो यापेक्षा रीमास्टर्ड बरं वाजतं. चूक त्याची नाही, गोंगाटात दाबलेलं गाणंच टिकतं, गाडीत, बसमध्ये, खान्देश एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात तेच ऐका, मी पण तेच ऐकतो. ताडायचं काम पहाटे करा नाहीतर कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर करा. लोडशेडिंगला शांतता मस्त असते पण तेव्हा ॲम्प्लिफायर चालत नाही, लॅपटॉपच्या बॅटरीवर भागवा.

ठेवायचं म्हणाल तर एलपी उभ्या ठेवा, एकमेकींवर आडव्या रचू नका, पश्चिमेच्या भिंतीला आणि पत्र्याखालच्या खोलीत अजिबात नको, भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो आणि बंद गाडीत तर अर्ध्या तासात रेकॉर्डचा पापड होतो. मे महिन्यात कुरिअरनं मागवू नका, जूनचा पाऊस पडू द्या मग ऑर्डर टाका, विक्रेता थांबतो. धुळीसाठी प्लास्टिकचं बाहेरचं कव्हर घाला, आतला कागद फाटला असेल तर नवा घ्या. सीडीची फ्लॅक फाईल दोन ठिकाणी ठेवा आणि तिच्याबरोबर ती लॉग फाईल आणि रिंगचा एक फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका, पुढच्या वेळी बाजारात तोच अल्बम दुसऱ्या कव्हरात दिसला की मोबाईल काढून तिथल्या तिथं नंबर जुळवता येतात.